चार बोटं पाण्याखालची टाच

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगायचं तर वाचून हसतोय. पिंपळाखालची बाई, रस्त्यात लिफ्ट मागून गायब होणारा म्हातारा... असलं काही आलं की मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि वर माझ्या पदरचं तिखटमीठ लावायचो. ती म्हणायची, "पुरे करा, लेकरं ऐकून राहिलीत." तेव्हा मी भित्रा किंवा देवभोळा माणूस आहे असा कुणी समज करून घेऊ नका. आणि एक विनंती आधीच करून ठेवतो — खाली कमेंटमध्ये शांती, उतारा, नारळ असलं काही सुचवू नका. ते वाचायची ताकद माझ्यात नाही.

मी छतं गळायची बंद करतो. हा माझा धंदा. हिंगोलीत राहतो, आणि कळमनुरी, औंढा, सेनगाव असा जिल्हाभर फिरून स्लॅबचं वॉटरप्रूफिंग करतो. आमच्या धंद्यात अंगात येणं वगैरे नसतं. पाणी वरून पडतं, फट शोधतं, खाली उतरतं. फट सापडली की विषय संपला. निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझी अशी पक्की खात्री होती.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, साखऱ्याहून थोडं आत. सोयाबीन, तूर, कुणाकडे पाणी असेल तर हळद. घर साधं — समोर एक मोठी खोली, मागं स्वयंपाकघर, बाजूनं उघडा जिना. पूर्वी गावातली सगळी घरं माळवदाची होती. म्हणजे लाकडाच्या सऱ्या, त्यावर काटक्यांचा थर आणि वर वीतभर पांढरी माती. ज्यांनी माळवद बघितलंय त्यांना माहीत आहे, मृगाच्या आत त्यावर नवी माती टाकावी लागते, नाहीतर आषाढात घरभर पातेली मांडून बसायची वेळ येते. पण माती टाकायची कुठं? सरसकट टाकली तर वजनानं सऱ्या वाकतात. कमकुवत जागा नेमकी सापडली पाहिजे.

त्यासाठी लोक माझ्या वडिलांना बोलवायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबा चपला खाली सोडून माळवदावर चढायचे, तेही भर दुपारी, कारण तेव्हा माती तापून पार सुकलेली असते आणि आवाज खरा येतो. डोळे मिटून, टाच टेकवत, सावकाश चालायचे. ठप्प... ठप्प... ठप्प. पायाखाली पोकळ लागलं की थांबायचे आणि टाच तीनदा आपटायचे. ती खालच्या माणसासाठी खूण असायची. खाली कुणीतरी काठीला कोळसा बांधून उभं असायचं. तो त्या जागेवर खालून काळी फुली मारायचा आणि ओरडायचा, "धरलं!" धरलं ऐकू आल्याशिवाय आबा पुढं सरकत नसत. खालचा माणूस गप्पा मारत बसला तर ते तिथंच उभं राहून तीन-तीनदा टाच आपटत राहायचे, शिव्या देत नसत, नुसती टाच.

आमच्या घरात खाली उभी राहायची ती माझी माय. मी लहानपणापासून दर मे महिन्यात हे ऐकत आलोय — वरून तीन ठोके आणि खालून मायचा खणखणीत आवाज, "धरलं!" त्या दोघांचं एरवी फारसं बोलणं मला आठवत नाही.

मग मी या धंद्यात आलो. नवा नवा जोश होता. माळवद काढून स्लॅब टाकायचं मी ठरवलं. आबा नको म्हणाले.

"माती बोलते रे. दुखत असंल तर सांगते. हा तुझा स्लॅब काही बोलत न्हाई."

मी म्हणालो, "आबा, स्लॅबला दुखतच नाही, तर तो सांगेल काय?"

स्लॅब मी स्वतः उभा राहून टाकून घेतला. मे महिना होता. स्लॅब टाकल्यावर त्यावर आळी करून, म्हणजे छोटे बांध घालून, निदान दोन आठवडे पाणी उभं ठेवावं लागतं, तरच तो आतून पक्का होतो. हे मी आज प्रत्येक गिऱ्हाइकाला बोट नाचवून सांगतो. त्या उन्हाळ्यात मात्र गावात टँकर एक दिवसाआड येत होता आणि माय पिण्याच्या पाण्यासाठी रांगेत उभी राहत होती. छताला कोण पाजणार? चार दिवस पाणी दिलं. पाचव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ नुसतं शिंपडलं. दिसायला झकास झाला होता. मी मनाशी म्हटलं, चालतंय.

आबा त्यानंतरही दर मे महिन्यात त्या स्लॅबवर अनवाणी चालायचे आणि मान हलवत खाली यायचे. मी विचारायचो, "काय म्हणतो स्लॅब?" ते म्हणायचे, "मुका हाय."

तीन वर्षांपूर्वी पौषात आबा गेले. पोटाचा आजार होता, तीन महिने आधीच कळलं होतं. सगळ्यांना भेटून, नातवंडांच्या डोक्यावर हात फिरवून गेले. म्हणजे अचानक जाणं, इच्छा मागं राहणं असलं काहीही नव्हतं. माय गावातच राहिली. मी हिंगोलीला चल म्हणून खूप मागं लागलो. पण तिला तिथं चैन पडायची नाही.

त्याच उन्हाळ्यात, मे संपता संपता, तिचा फोन आला.

"संजू, आबा वर चालून राहिले रे."

मला आधी कळेचना. "कोण आबा?"

"तुझे आबा. आत्ता, दुपारी. चुलीच्या वर थांबले, तीनदा टाच मारली. मग दाराच्या वर थांबले."

"माय, वानरं असतील."

"वानर उड्या मारतं बाबा. टाच टेकून चालत न्हाई. मी धरलं म्हनलं, तवा कुठं थांबले."

मी हसलो. मग काळजीत पडलो, आणि मग चिडलो. कारण दुसऱ्याच दिवशी शेजारच्या नामदेव तात्यांचा फोन आला — "तुझी माय भर दुपारी एकटीच धरलं धरलं ओरडून राहिली, जरा बघ." जिल्हाभर मी लोकांना छताचं शास्त्र शिकवतोय आणि माझीच माय छताशी बोलतेय, हे मला लाजिरवाणं वाटलं. मी तिला फोनवर बरंच बोललो.

त्या आषाढात स्लॅब गळला. चुलीच्या वर आणि दाराच्या वर. गावी जाऊन पाहिलं तर दोन्ही ठिकाणी मायनं कोळशाच्या फुल्या मारून ठेवलेल्या होत्या आणि फुलीच्या मधोमध ओल आली होती. बरोबर मधोमध... तरी मी डगमगलो नाही. चुलीच्या वर धुराड्याचा पाईप स्लॅबमधून बाहेर जातो, दारावर भिंतीचा आणि स्लॅबचा सांधा आहे. शंभरातली नव्वद घरं तिथंच गळतात. मी दोन्ही जागा फोडून, भरून, केमिकल मारून दिलं. फुल्यांवर चुना फिरवला.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फोन.

"औंदा मधोमध थांबलेत."

"कुठं मधोमध?"

"समोरच्या खोलीत. पंख्यापासून हातभर इकडं. तीन दिवस झाले. लई येळ टाच मारून राहिलेत रे संजू. तू मागं चिडला म्हनून मी धरलं म्हनले न्हाई."

मी म्हटलं, आता हे प्रकरण कायमचं संपवू. दोन गडी घेऊन गावी गेलो. छत स्वच्छ झाडलं, पाणी जायची भोकं बुजवली, कडेनं सिमेंटची आळी केली आणि विकतचा टँकर आणून चार बोटं पाणी उभं केलं. आमच्या धंद्यातली ही शेवटची परीक्षा. तीन दिवस पाणी कोंडून ठेवायचं आणि खालून बघत राहायचं. थेंब आला तर छत नापास, नाही आला तर पास.

इथं एक गोष्ट कबूल करतो. स्लॅब आतून पोकळ झालाय का, हे पाणी सांगत नाही. त्यासाठी खालून हातोडीनं ठोकत जावं लागतं आणि आवाज ऐकावा लागतो. हे मला माहीत होतं. हातोडी माझ्या पिशवीत होती. मी ठोकलं नाही. कारण माय समोर बसली होती, आणि ठोकत, कान देत त्या खोलीत फिरणं म्हणजे मी आबांचंच काम केल्यासारखं झालं असतं. तिला तेवढंच निमित्त मिळालं असतं. पाण्याची परीक्षा पुरे आहे, असं मी ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशीची दुपार. गडी जेवून लिंबाखाली लवंडले होते. मी खोलीत पंख्याखाली बसून छत न्याहाळत होतो. एक थेंब नाही, ओलसर डागसुद्धा नाही. माय भिंतीला टेकून तूर निवडत होती. लाईट गेली आणि पंखा थांबला. आणि मग मला ते ऐकू आलं.

ठप्प... ठप्प... ठप्प.

जिन्याच्या अंगानं आलं. सावकाश. ते चालणं मी झोपेतही ओळखलं असतं... उजवा पाय जरा ओढून टाकायची आबांना सवय होती, तीही त्यात होती. खोलीच्या मध्यावर आलं, पंख्यापासून हातभर अलीकडे थांबलं. आणि तीन ठोके.

लक्षात घ्या, वर चार बोटं पाणी उभं होतं. कुणी चाललं असतं तर पाणी डुचमळलं असतं, चुबूक-चुबूक झालं असतं. हा आवाज कोरडा होता. तापलेल्या मातीवर कोरडी टाच पडावी तसा.

मायनं सूप खाली ठेवलं. वर बघितलं. तिचं तोंड उघडलं होतं.

"गप, माय!" मी ओरडलो आणि जिन्याकडं पळालो.

वर कुणी नव्हतं. वानर नाही, मांजर नाही, पाखरू नाही. पाणी तर इतकं निवांत होतं की त्यात लिंबाची फांदी पानापानासकट दिसत होती. एक वळी नाही, एक तरंग नाही. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा असतानाच पायाखालून, म्हणजे खोलीतून म्हणा, स्लॅबमधून म्हणा, तीन ठोके पुन्हा माझ्या तळव्यांना जाणवले. पाणी हललं नाही. त्या वेळी मी जिंदगीत पहिल्यांदा घाबरलो.

आता इथं कुणालाही वाटेल की मी शहाणा झालो असेन. नाही झालो. घाबरलेला माणूस चिडतो, तसा मी चिडलो. खाली आलो तर माय म्हणाली, "उत्तर दिलं न्हाई तर ते थांबत न्हाईत रे. मला एकडाव म्हनू दे."

"काही म्हणायचं नाही. स्लॅब उन्हानं तापतो, पाण्यानं गार होतो, त्याचा आवाज आहे तो."

"तू ऐकलं न्हाई व्हय? पाय ओढला त्यांनी."

मी तिचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. यापुढं त्या आवाजाला उत्तर द्यायचं नाही. फुली मारायची नाही."

तिनं हात असा झटकन काढून घेतला! मग पुन्हा तूर निवडायला लागली. वरून तीन ठोके आले, थोड्या वेळानं आणखी तीन आले. तिनं मान वर केली नाही. मी मोबाईलवर भजनं लावून आवाज मोठा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडून दिलं, छत सुकू दिलं आणि वर दोन थर केमिकल मारलं. छत पास झालं होतं. निघताना मी मायची खाट भिंतीकडून उचलली आणि खोलीच्या मधोमध आणली, पंख्याखाली. भिंतीचे सांधे मला तितकेसे पसंत नव्हते, आणि मध्यभाग तर तीन दिवस पाण्याखाली राहून ठणठणीत कोरडा होता.

ती म्हणाली, "संजू, तिथंच तर..."

"तिथंच झोप. या घरातली सगळ्यात चांगली जागा ती आहे. मी ग्यारंटी देतो."

ती हसली. "मायला ग्यारंटी देऊन राहिला व्हय?" मग खाटेवर बसून बघितली, वर एकदा नजर टाकली आणि म्हणाली, "तू म्हनतो तर बराबर असंल."

हे वाक्य मी रोज ऐकतो. अजून ऐकतो.

श्रावणात झड लागली होती, तिसरा दिवस. मी कळमनुरीत एका दुकानाच्या छतावर ताडपत्री बांधत होतो. अडीच-पावणेतीनला नामदेव तात्यांचा फोन आला. "लवकर ये. स्लॅबचा गोळा खाली आला. तुझी माय खाली झोपलेली होती."

मी हिंगोलीला पोचेपर्यंत तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं होतं. तिथून नांदेडला नेलं. ती चार दिवस जगली.

गळलं नव्हतं, हे मला सांगायचंय. तीन दिवसांची झड होती आणि वरून एक थेंब आत आला नव्हता. नंतर मी तो पडलेला तुकडा उचलून पाहिला. जात्याच्या तळीएवढा होता. कोरडा. हातात त्याची भुकटी होत होती. सळयांना गंजाचे पापुद्रे सुटलेले होते. वरचं माझं केमिकल मात्र रबरासारखं जसंच्या तसं ताणून बसलं होतं. माझं काम एकदम पक्कं झालं होतं.

नांदेडला दुसऱ्या दिवशी ती थोडं बोलली. मी तिच्या उशाशी होतो.

"ते थांबलेच न्हाईत रे. तू गेल्यावर रोज दुपारी यायचे. त्या दिवशी पाऊस होता तरी आले."

"मग तू काहून तिथं झोपली माय? खाट का नाही हलवली?"

"तूच म्हनला ना, तीच जागा चांगली हाय म्हनून." थोडा वेळ ती श्वास घेत राहिली. "म्या धरलं म्हनायला पायजे होतं. पन तुझ्या गळ्याची शपथ होती. मोडवली न्हाई."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं, मीच तुला जोर देऊन सांगितलं न्हाई. तू मनाला लावून घेऊ नको."

तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या, तोंड फिरवलं असतं, तर मी आज जरा माणसासारखा जगलो असतो. तिनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि गेली. त्याचं काय करायचं हे मला कुणी सांगितलेलं नाही.

माझा एक इंजिनिअर मित्र आहे, त्याला मी सगळं सांगितलं. तो समजूतदार आहे, हसला नाही. म्हणाला, स्लॅबला सुरुवातीला पाणी मिळालं नाही, आतून तो कच्चाच राहिला, सळया कधीच्या गंजायला लागल्या होत्या. कदाचित तू कोंडलेलं पाणी आत मुरलं आणि वरून तू थर मारून ते आतच डांबून ठेवलंस. कदाचित तसंही पडणारच होतं. आवाजाचं म्हणशील तर आतला भाग सुटायला लागला की स्लॅब तडकतो, बोलतो. मी विचारलं, तीन-तीनदाच बोलतो? धरलं म्हटल्यावर थांबतो? पाय ओढतो? तो म्हणाला, ते मला माहीत नाही.

मलाही माहीत नाही. दोन्ही बाजूंनी विचार करून मी थकलोय. तो स्लॅबचाच आवाज होता असं धरलं, तर छत स्वतः ओरडून सांगत होतं आणि हा धंदा करणाऱ्या मला ते कळलं नाही. आबा होते असं धरलं, तर त्यांनी दिलेली खूण मी भजनं लावून झाकली. नवा होता तेव्हा त्याला पाणी पाहिजे होतं, तेव्हा मी दिलं नाही. पाहिजे नव्हतं तेव्हा टँकरभर पाजलं. कसंही फिरवून बघा, खाट मधोमध मीच ठेवलेली असते.

काम मी अजून करतो, पोट आहे. पण ग्यारंटी हा शब्द आता माझ्या तोंडून निघत नाही, आणि गिऱ्हाइकं त्यामुळं दुसरीकडं जातात. कुणाच्याही स्लॅबवर चढलो की आधी चपला काढतो. टाच टेकवत चालतो. गडी एकमेकांकडं बघतात. मला काहीच कळत नाही. आबांनी एकदा शिकवायला बघितलं होतं, मी क्रिकेट खेळायला पळालो होतो.

गावातलं घर बंद आहे. समोरच्या खोलीत लोखंडी टेकू लावलेत, छताला मधोमध तो खड्डा तसाच आहे, गंजक्या सळया दिसतात. मागच्या वर्षी मे महिन्यात मी तिथं जाऊन राहिलो, आठ दिवस. यंदाही गेलो. दुपारी बारा ते चार खड्ड्याच्या खाली बसायचो, काठीला कोळसा बांधून. बायकोला सांगितलंय की साफसफाई करायला जातो. नामदेव तात्या एकदा दारात येऊन उभे राहिले, माझ्या हातातली काठी बघितली आणि निघून गेले.

पावलं आली नाहीत. एकही नाही. वानरं आली, एकदा वाऱ्यानं लिंबाची वाळकी फांदी पडली. मी प्रत्येक वेळी काठी घेऊन उठलो. यंदा शेवटच्या दिवशी तर काही ऐकू आलेलं नसतानाच मी वर बघून मोठ्यानं म्हटलं, "धरलं, आबा! धरलं!"... आणि थांबलो.

वरून कुणी पुढं सरकलं नाही.